‘पप्पा मंडपाच्या कामाला गेलेत’

पत्र (ओळख पटेल असे तपशील बदलून, थोडक्यात)

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईनं लिहिलंय. मिस्टरांचा मंडप-बिछायतीचा धंदा. फेब्रुवारी २०२० मध्ये कर्ज काढून नवा मंडप, खुर्च्या, गाद्या घेतल्या आणि महिनाभरात लॉकडाऊन लागलं. ती लग्नसराई गेली, यंदाची, २०२१ चीही गेली. सामान घरामागच्या शेडमध्ये पडून आहे, गाद्यांना उंदीर लागलेत. एप्रिलमध्ये मिस्टरांना कोरोना झाला. अकरा दिवस सरकारी दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. नऊ वर्षांचा मुलगा घाबरू नये म्हणून त्याला सांगितलं, ‘पप्पा मंडपाच्या कामाला गेलेत.’ आता ते घरी आहेत, पण रात्र-रात्र जागतात, बारीकसारीक गोष्टीवरून भडकतात. मुलगा जूनपासून अंथरूण ओलं करतोय, सारखं पोट दुखतं म्हणतो. बापानं चप्पल घातली की ‘कुठं चाललात?’ म्हणत दारापर्यंत जातो. मोबाइल सोडत नाही, आलेले अनोळखी फोन कट करतो. त्यावरून परवा मार खाल्ला. ‘आम्ही लेकरांसमोर कधी भांडलो नाही, पैशाचा विषय काढला नाही. मग याला ताण कशाचा? मोबाइलनंच बिघडलाय ना? शेजारीण म्हणते हाय खाल्लीय, दृष्ट काढा. चार-सहा महिने पुण्याला मामाकडे पाठवावं का?’ पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत. ‘मुलगी मात्र गुणाची. दहावीला गेलीय, तिचा काही त्रास नाही, सगळा स्वयंपाक तीच बघते. सासूबाई म्हणतात, पंचवीस माणसांत उरकतंय तोवर हिचं उरकून घ्या.’

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा माझं लक्ष मुलाच्या अंथरुणाकडे होतं, दुसऱ्यांदा तुमच्या शेडकडे गेलं.

एप्रिलमध्ये आई सांगत होती की पप्पा मंडपाच्या कामाला गेलेत, आणि मागं शेडमध्ये सगळा मंडप जागच्या जागी होता. लग्नाला पंचवीस माणसं, दोन तासांत आटपा, नाहीतर पन्नास हजार दंड. हा कोरोनातला नियम त्या महिन्यात तुमच्या घरात जितका घोळला असेल तितका तहसीलमध्येही घोळला नसेल. मंडपवाल्याचं पोर ते. दाट तिथी कधी, कोरडे दिवस कधी, हे त्याला पाढ्यांच्या आधी कळतं. एकही पाइप न हलवता पप्पा अकरा दिवस कुठल्या मंडपाला गेले, हा हिशेब त्यानं केला असणार. विचारलं नाही, कारण विचारलं की आईचा चेहरा कसा होतो तेही त्यानं बघितलं असणार.

खोटं बोललात म्हणून मी तुम्हाला बोल लावत नाही. बेड मिळेल का, ऑक्सिजन पुरेल का, इंजेक्शन कुठून आणायचं, अशा दिवसांत तोंडाला आलं ते बोललात. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. मिस्टर घरी आले, वाळून आले, जिना चढताना धाप लागायची, आणि तरीही कुणी मुलाला काही सांगितलं नाही. तुमच्या घरात पप्पा आजही मंडपाच्या कामालाच गेले होते. म्हणून त्यांनी चप्पल घातली की तो दारापर्यंत जातो. आजचं जाणं तासाभराचं की अकरा दिवसांचं, हे त्याला कळायला दुसरा मार्ग तुम्ही ठेवलेला नाही.

मी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक नुकते कुठं आडवे झाले होते तेव्हा, किल्लारीचा भूकंप झाला. मी अकरा वर्षांची होते. आमच्या गावात भिंती फाटल्या, माणसं वाचली. पण दिवाळी होऊन गेली तरी वडिलांनी आम्हाला घरात झोपू दिलं नाही. अंगणात बाजा टाकलेल्या. वडील उशाशी काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचे आणि रात्री उठून कंदील वर धरून त्यात बघायचे, पाणी हलतंय का. आम्हाला कुणी काही समजावलं नाही. ‘झोपा गुमान’, एवढंच. वडील तांब्याकडे बघायचे आणि मी वडिलांकडे. ते परत आडवे झाले की मी डोळे मिटायची. भूकंपाची भीती कधीच गेली, पण रात्री घरात कुणी उठलं की मला जाग येते, ती अजूनही येते.

तुमच्या मुलाचा तांब्या म्हणजे त्याच्या बापाचा चेहरा. तो दिवसभर त्यातच बघत असतो.

‘आम्ही लेकरांसमोर भांडत नाही.’ गेल्या वर्षभरात हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की आता त्याचीच धास्ती वाटते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे गल्लीपुरतं ठीक आहे. दोन खोल्यांच्या घरात मूठ झाकली तरी ती आवळलेली दिसते. ताटावर बसून न बोलणं, भांडं जरा जोरात ठेवणं, लेकरू आलं की बोलणं तुटणं, रात्री दोन वाजता पंख्याखाली कुणीतरी बसलेलं असणं. यातलं भांडण काहीच नाही, आणि लेकराला सगळं पोचतं.

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेतीवर मोठं संकट आलं. जमिनीचे भाव कोसळले, कर्ज अंगावर आलं, पिढ्यान्‌पिढ्यांची शेतं विकली गेली. आपल्याकडच्या माणसाला हे समजायला नकाशा लागत नाही. संशोधक रँड काँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून तिथल्या साडेचारशेच्या आसपास कुटुंबांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. कर्ज थेट लेकराच्या डोक्यात जात नाही, असं त्यांना दिसलं. ते आधी आईबापाच्या मनात उतरतं, मग नवरा-बायकोच्या बोलण्यात येतं, मग लेकराशी वागताना हाताला, आवाजाला लागतं, आणि शेवटी लेकरापर्यंत जातं. मला हे वाचून धीर आला होता. मधल्या तीन पायऱ्यांपैकी एखादीवर जरी अडवता आलं, तरी कर्ज फिटायच्या आधी लेकरू सावरू शकतं.

आता मोबाइल. सोळा महिने शाळा बंद, होती-नव्हती ती शाळा मोबाइलवर, आणि वर ‘मोबाइल काढून घ्या’ असा सल्ला द्यायचा, हे मला जमत नाही. रात्री जेवणानंतर फोन आईच्या उशाखाली, एवढा नियम ठेवा, झोपेसाठी तो हवाच. पण तुम्ही लिहिलेली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. घरात स्मार्टफोन एकच, तो मिस्टरांचा, आणि वसुलीचे फोन त्याच्यावर येतात. मुलगा नेमके अनोळखी नंबर कट करतो. गेम अडू नये म्हणून करत असेल, असेलही. पण असा फोन आला की पप्पा पायरीवर जाऊन हळू बोलतात, परत येतात ते तोंड उतरवून आणि मग जेवत नाहीत, हे त्यानं बघितलं नसेल असं मला वाटत नाही. ‘मोबाइल माझ्या हातात राहिला तर तो फोन पप्पांपर्यंत जाणार नाही’, असं त्याला वाटत असेल. नऊ वर्षांच्या डोक्यानं केलेली ही राखण असू शकते. माझा अंदाज चुकेलही. त्याला विचारा, ‘कुणाचे फोन कट करतोस रे?’ आणि विचारून गप्प बसा. लेकरांना उत्तराला वेळ लागतो, आपण तेवढ्यात दुसरा प्रश्न टाकतो.

मामाकडे पाठवायचं का? आत्ता नको. मामा चांगले असतील, पुण्यात वायफाय असेल, तिथं जीव रमेलही. पण माणूस सांगितल्याशिवाय गायब होतो, याच गोष्टीचा ज्यानं धसका घेतलाय, त्यालाच घरातून लांब पाठवायचं? दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लेकरांना जपण्यासाठी मोठ्या संख्येनं खेड्यांत पाठवलं गेलं. तेव्हा लंडनमध्ये लहान मुलांची निवासी पाळणाघरं चालवणाऱ्या ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी नोंदवून ठेवलंय की आई जवळ असली तर लहान लेकरं बॉम्बचा दणकाही बऱ्यापैकी सोसायची. आईपासून तुटणं त्यांना जास्त जड गेलं. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस, जायची-यायची तारीख ठरवून, तुम्ही स्वतः सोडायला जाऊन, एवढं चालेल. बाकी ज्या घरात दारू, रोजची मारहाण, जिवाची भीती आहे त्या घराला हा सल्ला लागू नाही. तिथं लेकरू आधी बाहेर काढायचं.

मग करायचं काय? तर खोटं उलगडायचं, आणि ते मिस्टरांनी स्वतः. समोर बसवून भाषण देऊन नव्हे. रविवारी त्याला घेऊन शेडमध्ये जा म्हणावं. गाद्या उन्हात टाकायच्यात, पाइप मोजायचेत, नट-बोल्टांना तेल द्यायचंय, एरवीही हे काम करावंच लागणार आहे. हात कामात असले की बापलेकांना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि बोलणं सोपं जातं. बोलायचं इतकंच: ‘एप्रिलमध्ये मी कामाला गेलो नव्हतो. मला कोरोना झाला होता, दवाखान्यात होतो. तू घाबरशील म्हणून आम्ही खोटं सांगितलं. चुकलं आमचं. आता मी बरा आहे, दम अजून लागतो, झोप लागत नाही. धंदा बंद आहे, बँकेचं कर्ज आहे, ते फेडायचं काम माझं आणि मम्मीचं. तुझं नाही. आणि परवा तुला मारलं, तेही चुकलं.’ आकडे सांगू नका, सावकाराची नावं सांगू नका, आणि ‘आता तूच काय तो आधार’ असलं तर अजिबात नको. नऊ वर्षांच्या खांद्यावर ते बसत नाही. तो कदाचित काहीच बोलणार नाही, ‘बरं’ म्हणून पाइप मोजत राहील. चालेल.

त्या दिवसापासून ‘कुठं चाललात?’ ला खरं उत्तर, वेळेसकट. ‘बँकेत चाललोय, बारापर्यंत येतो.’ बाराचे साडेबारा होणार असतील तर घरी फोन. हे महिनाभर पाळलं तर तो दारापर्यंत येणं आपोआप कमी होईल. ‘सारखं काय विचारतोस’ म्हणून खेकसलं तर वाढेल.

अंथरुणाचं आधी शरीराकडून बघा. आधी नीट असलेलं मूल अचानक अंथरूण ओलं करायला लागलं तर लघवीची आणि रक्तातल्या साखरेची तपासणी करायलाच हवी. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, क्वचित लहानपणीचा मधुमेह, यांपैकी काही नाही ना, हे डॉक्टरांनी सांगू द्या. तहान खूप वाढली असेल किंवा वजन उतरत असेल तर उद्याच जा, थांबू नका. काही निघालं नाही तर मग मनाचं. पाणी तोडू नका, झोपायच्या आधी लघवीला पाठवा, सकाळी चादर गल्लीला दिसेल अशी वाळत घालू नका. गादीखाली घालायला तुमच्याकडे ताडपत्रीची वानवा नाही. आणि दृष्ट काढायची तर खुशाल काढा. आजीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून दोन मिनिटं लेकराकडे नीट बघितलं तर त्यात वाईट काय? फक्त तपासणीच्या ऐवजी नको.

मिस्टरांबद्दल. ऑक्सिजनवर राहून आलेल्या माणसाची झोप उडणं, दम लागणं, चिडचिड होणं महिनोन्‌महिने टिकू शकतं. त्यात कर्ज. याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नका, औषध आहे. ‘डोक्याच्या डॉक्टरकडे चला’ म्हटलं तर ते येणार नाहीत, मला माहीत आहे. ‘झोपेसाठी दाखवू’ म्हणा, त्यात खोटं काही नाही. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा कक्ष असतो. तुम्हाला अंबाजोगाई जवळ पडत असेल तर स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढायचा, बस. जायच्या आधी फोनवर बोलून बघायचं असेल तर केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे (आता ‘टेली-मानस’, १४४१६), मराठीत बोलता येतं. आणि ‘मी नसलो तर सुटाल तुम्ही’ किंवा ‘विम्यानं तरी फिटेल’ असलं कुणाच्याही घरात कुणाच्याही तोंडून निघालं, तर ते वैतागातलं बोलणं म्हणून सोडायचं नाही. त्या माणसाला एकटं ठेवायचं नाही, घरात फवारणीचं औषध असेल तर ते हलवायचं, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

कर्जाचाही एक कागद आहे, लेकराच्या तब्येतीच्या पत्रात तो कशाला असं वाटेल, पण वसुलीचे फोन कमी झाले तर तुमच्या मुलाची अर्धी राखण सुटेल. रिझर्व्ह बँकेनं ५ मे २०२१ ला लहान धंदेवाल्यांसाठी कर्जाच्या पुनर्रचनेची सोय जाहीर केली होती. खातं ३१ मार्च २०२१ ला एनपीए (हप्ते थकून बुडीत धरलेलं) झालेलं नसेल तर ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत बँकेकडे हप्ते लांबवून किंवा लहान करून मागता येत होते. ती मुदत संपली, आणि पतसंस्थेला, सावकाराला ती सोय लागू नव्हतीच. तरी हप्ते लांबवून मागायचा लेखी अर्ज बँकेला द्या, पोच घ्या. बँक देईलच असं नाही.

तुम्ही स्वतःबद्दल पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणून आयांना आणखी एक काम लावायची फॅशन आलीय, की लेकरासाठी तुम्ही शांत राहा. मी तसं म्हणणार नाही. रडायचं असेल तर गच्चीवर जाऊन बहिणीला फोन लावा आणि रडा. डोळे लाल घेऊन खाली आलात आणि कुणी विचारलं, तर ‘काही नाही, कांदा’ म्हणू नका. ‘आज मन भरून आलं होतं, आता बरं वाटतंय’ म्हणा. लेकरांना तेवढं झेपतं.

आता ज्या दोन ओळींवर तुम्ही पत्र संपवलंत त्या.

ताई, मला मुलापेक्षा मुलीची काळजी जास्त वाटली. मुलगा अंथरुणातून, पोटातून, फोन कट करून काय ते सांगतोय. मुलगी काहीच सांगत नाही. पंधरा वर्षांची पोरगी हट्ट करत नाही, भावाशी भांडत नाही, नवा ड्रेस मागत नाही, तिन्ही त्रिकाळ चुलीशी उभी राहते, आणि आपण म्हणतो, गुणाची. ती गुणाची असेलच. पण मला शंका आहे की घरात आपला खर्च होऊ नये, आपलं ओझं दिसू नये, म्हणून तिनं स्वतःला आवरून घेतलंय. कर्जात, आजारात, दुष्काळात आपल्याकडच्या थोरल्या पोरी हे नेहमीच करत आल्या. त्यांचं कौतुक करून आपण त्यांना तिथंच ठेवत आलो.

आणि सासूबाईंचं वाक्य तिनं ऐकलेलं आहे. स्वयंपाक तीच करते, घर दोन खोल्यांचं, मग ऐकलं नसेल कसं? म्हणजे तिच्या दृष्टीनं कोरोना, कर्ज, पप्पांची झोप, या सगळ्यावर घरात जो एक उपाय बोलला गेला तो म्हणजे ती स्वतः. यावर गप्प राहू नका. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. लावून देणाऱ्याला आणि त्यात मदत करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे मंडपवाल्याला मी सांगायला नको. सासूबाईंशी भांडू नका, त्यांच्या मनातलं भय खरं आहे, त्यांनी तशी वर्षं बघितलीत. पण मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात, मिस्टरांनी, एकदा स्पष्ट म्हणावं: ‘तिची दहावी होणार, बारावी होणार. हा विषय या घरात बंद.’ असा विषय बंद होत नसलेल्या घरातली एखादी मुलगी किंवा तिची मैत्रीण हे वाचत असेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा फोन चोवीस तास, फुकट लागतो. नाव न सांगताही बोलता येतं.

मग तिचा एक वेळचा स्वयंपाक काढून घ्या. कोण करेल, म्हणाल. मिस्टर घरी आहेत, भाकरी नाही आली तरी खिचडी येते, आणि हाताला काम लागलं तर त्यांनाही बरंच पडेल. त्या वेळात तिला अभ्यासाला बसवू नका लगेच. तिच्याबरोबर बाहेर पडा, चक्कीवर, देवळात, कुठंही, दोघीच. ‘तुला कसली भीती वाटते का?’ असं नका विचारू, ‘नाही’ म्हणेल. ‘एप्रिलमध्ये तुला खरं माहीत होतं, आणि भावाला सांभाळत तू गप्प बसलीस, तुला कसं गेलं ते?’ असं विचारा. सरकारी रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथल्या समुपदेशकाशी तिला एकटीला बोलू द्या. तुम्ही बाहेर बाकड्यावर बसा.

मुलाच्या लघवीचा रिपोर्ट आला की कळवा. आणि पुढच्या पत्रात मुलीबद्दल निदान एक पानभर लिहा. तिला काय आवडतं, शेवटची खळखळून कधी हसली, भावाशी शेवटचं कशावरून भांडली. आठवत नसेल तर तेही लिहा.